घराखालची ड्रेनेज लाइन पुन्हापुन्हा तुंबते? आधी ढाळ मोजा

ढाळ बिघडलेल्या लाइनची पहिली खूण म्हणजे तुंबण्याची जागा बदलत नाही. रॉड दर वेळी साधारण त्याच अंतरावर अडतो. त्याच्या टोकाला झाडाची मुळं किंवा कापड येत नाही, काळा मऊ गाळ आणि तेलकट थर येतो. लाइन मोकळी होते, काही आठवडे चालते आणि पुन्हा मंदावते.

बाकीची लक्षणं अशी:

- कमोड फ्लश केल्यावर जवळच्या नहाणी ट्रॅपमधून (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं, जाळीखालचं वळण) गुडगुड आवाज येतो.
- वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं. सगळ्यात खाली असलेलं तोंड आधी भरतं, वरच्या मजल्यावर काहीच जाणवत नाही.
- बादली ओतली की सुरुवातीचं पाणी झटक्यात जातं, मग रेंगाळतं. झोळ पडलेल्या, म्हणजे मध्येच खाली बसलेल्या पाइपातली रिकामी जागा भरेपर्यंतच पाण्याला वेग असतो.
- बाहेरच्या चेंबरमध्ये फ्लशचं पाणी उशिरा येतं, आणि कागद-मैला मागे राहून नुसतं पाणी येतं.

याउलट, फक्त एकच बेसिन मंद असेल तर घराखाली जाण्याची गरज नाही. आणि वर्षानुवर्षं नीट चाललेली लाइन एका दिवसात ठप्प झाली असेल, तर आधी आत अडकलेली वस्तू किंवा फुटलेला पाइप शोधा. ढाळाचा दोष सहसा हळूहळू त्रास देतो.

किती ढाळ हवा

१०० मिमी पाइपला १:४० ते १:६०, म्हणजे दर मीटरला २५ ते १७ मिमी. १५० मिमी पाइपला १:६० ते १:१००. ५० मिमी किंवा त्याहून लहान पाइपला दर मीटरला किमान २० मिमी. लक्षात ठेवायला जुना हिशेब सोपा आहे: पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि २.५ने भागा. १०० मिमीला ४० येतात, म्हणजे १:४०. काही नियमावल्यांमध्ये १०० मिमी पाइपला १:१०० पर्यंत चालतो, पण तेवढ्या सपाट लाइनमध्ये चुकीला जागाच उरत नाही. एखादा सॉकेट (पुढचा पाइप ज्यात बसतो ते रुंद तोंड) १० मिमी वर राहिला की तिथून मागे मीटरभर पाणी साचलं.

या आकड्यांमागचं कारण पाण्याचा वेग आहे. घाण सोबत वाहून न्यायची तर पाणी सेकंदाला साधारण ०.६ ते ०.७५ मीटर वेगाने जायला हवं. त्याहून मंद झालं की जड कण तळाशी बसतात, त्यावर तेलाचा थर चढतो आणि वाट अरुंद होत जाते.

तरीही पुन्हापुन्हा तुंबणाऱ्या लाइनमध्ये एकूण ढाळ कमी असण्यापेक्षा ढाळ एकसारखा नसणं हा दोष जास्त सापडतो. दोन टोकांमध्ये उतार पुरेसा असतो, पण मधला दोन मीटरचा तुकडा खाली बसलेला असतो. त्या झोळात पाणी कायम उभं राहतं. वरून कितीही ढाळ वाढवला तरी तो झोळ तसाच राहतो, म्हणून मोजमाप केल्याशिवाय पाइप उचलायला घेऊ नका.

पाइप मोठा टाकला की प्रश्न सुटेल, हा सल्ला तर ऐकूच नका. सपाट लाइनमध्ये १०० ऐवजी १५० मिमी पाइप टाकला, तर तेवढंच पाणी रुंद तळावर पसरतं, त्याची खोली कमी होते आणि घाण उचलण्याची ताकदही घटते. असा पाइप आधीपेक्षा लवकर गाळाने भरतो.

तपासण्या: फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर

पहिली: कोणकोणती तोंडं मंद आहेत ते लिहून काढा. घरातला प्रत्येक सिंक, बेसिन, जाळी आणि कमोड एकेक करून चालवा. एकच मंद असेल तर त्याचा ट्रॅप उघडून केस आणि साबणाचा थर काढा. एकाच बाजूची दोन-तीन मंद असतील तर दोष त्या फांदीत आहे. सगळीच मंद असतील तर मुख्य लाइनमध्ये. एवढ्याने शोधायची लांबी बऱ्याचदा निम्म्यावर येते.

दुसरी: व्हेंट पाइप, म्हणजे लाइनला हवा मिळावी म्हणून छतावर उघडा सोडलेला पाइप. छतावरच्या तोंडाशी घरटं, पालापाचोळा किंवा बांधकामाचा कचरा आहे का बघा. व्हेंट बंद असेल तरी गुडगुड होते आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन घरात वास येतो. फरक ओळखायला चेंबर उघडा. पाइप तिथे रिकामा आहे, फ्लशचं पाणी एकदम जोरात येतं आणि तरी घरात गुडगुड होते, असं दिसलं तर संशय व्हेंटवर घ्या. याच जागी एक वेगळी चूकही तपासा. ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतच्या आडव्या पाइपचा एकूण उतार त्या पाइपच्या व्यासापेक्षा जास्त नसावा. जास्त असेल तर वाहणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. अति ढाळाचा सगळ्यात ठळक तोटा इथेच दिसतो.

तिसरी: बादलीची तपासणी. घरातला वापर अर्धा तास बंद ठेवा आणि सगळ्या चेंबरची झाकणं उघडा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून आत तोंड घालू नका, हवा जाऊ द्या. आग, सिगरेट, काडेपेटी जवळ नको. आता वरच्या टोकाच्या कमोडमध्ये २० लिटर पाणी ओता आणि खालच्या चेंबरमध्ये बघा. पाणी एका लोटात आलं आणि पाइपचं तोंड पुन्हा रिकामं झालं, तर तेवढी लाइन ठीक आहे. बराच वेळ बारीक धार चालू राहिली तर मध्ये कुठेतरी साठा आहे.

अर्धा तास वापर बंद असूनही चेंबरमध्ये येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी पाणी उभं असेल, तर दोष पुढच्या लाइनमध्येही असू शकतो. पुढचा चेंबर उघडून बघेपर्यंत घराखालच्या पाइपला दोष देऊ नका.

चौथी: लाइन पूर्ण साफ करा. रॉडने पडलेलं भोक म्हणजे साफसफाई नव्हे, गाळाचा तळ तसाच राहतो. जेट मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने, पाइपची भिंत धुऊन निघायला हवी. मोजमाप त्यानंतरच करायचं, कारण गाळ साचलेल्या पाइपात झोळ आणि अडथळा सारखेच दिसतात. इथे रसायनं ओतू नका. कॉस्टिक किंवा ॲसिड झोळातल्या उभ्या पाण्यात तसंच पडून राहतं आणि जो माणूस नंतर पाइप उघडेल किंवा रॉड घालेल त्याच्या अंगावर येतं. आधीच ओतलं असेल तर प्लंबरला काम सुरू होण्याआधी सांगा.

पाचवी: आरसा आणि बॅटरी. दोन चेंबरमधली लाइन सरळ असेल तर ही तपासणी बरीच उपयोगी पडते. एका टोकाला बॅटरी पाइपच्या मध्यावर धरा, दुसऱ्या टोकाला छोटा आरसा तिरका धरून आत बघा. प्रकाशाचा पूर्ण गोल दिसला तर पाइप सरळ आहे. खालची कड कापलेली आणि तिथे चकाकी दिसली तर पाणी उभं आहे. गोल वरून कापलेला असेल तर मधला भाग खाली बसला आहे किंवा वरचा जोड सरकला आहे. डावी-उजवी कड कापलेली असेल तर लाइन आडवी वाकली आहे, ती मात्र ढाळाची तक्रार नाही.

सहावी: दोन टोकांची पातळी. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, साधारण १० मिमी व्यासाची. त्यात पाणी भरा, एकही बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा मोजमाप कित्येक मिलिमीटरने बिघडवतो. दोन्ही चेंबरवर एकाच पातळीची खूण करा आणि तिथून खाली पाइपच्या आतल्या तळापर्यंत माप घ्या. चेंबरच्या तळापर्यंत नको, कारण तिथे सिमेंटचा गिलावा असतो आणि तो पाइपच्या तळाशी जुळतोच असं नाही.

समजा वरच्या टोकाला माप ४२० मिमी आलं, खालच्या टोकाला ५६०, आणि मधलं अंतर ८.४ मीटर. उतार १४० मिमी, म्हणजे १:६०. १०० मिमी पाइपला हे योग्य आहे. तरीही लाइन तुंबत असेल तर दोष मधल्या झोळाचा आहे, आणि तेवढाच तुकडा दुरुस्त केला की काम होतं. तोच उतार ४० मिमी आला तर १:२१० झाला. मग अख्खी लाइनच सपाट आहे, एक तुकडा उचलून भागणार नाही. खालच्या टोकाचं माप वरच्यापेक्षा कमी आलं तर पाइप उलट्या ढाळात आहे. पुढचा सगळा खर्च या एका मापावर ठरतो, म्हणून ते दोनदा घ्या, दुसऱ्यांदा नळीची टोकं अदलाबदल करून.

सातवी: पाइप उघडा दिसत असेल तर लेव्हल लावा. ६०० मिमीच्या लेव्हल बॉटलच्या एका टोकाखाली १२ मिमी जाडीचा तुकडा टेपने चिकटवा. तुकडा पाण्याच्या वाहत्या दिशेला, म्हणजे खालच्या बाजूला ठेवा. बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर १:५०. दर ६० सेंटिमीटरवर लेव्हल सरकवत जा आणि पाइपवरच खडूने लिहा: ठीक, सपाट, उलटा. सॉकेटवर लेव्हल टेकवू नका, नुसत्या पाइपवर ठेवा.

आठवी: कॅमेरा. जमिनीत किंवा काँक्रीटखाली गेलेल्या लाइनला दुसरा विश्वासाचा उपाय नाही. कॅमेरा जेटिंगनंतर घालावा आणि त्याआधी लाइनमध्ये दोन बादल्या पाणी सोडावं. कोरड्या पाइपात झोळ दिसत नाही. पाणी सोडल्यावर कॅमेरा जिथे पाण्यात शिरतो आणि जिथे बाहेर येतो, ती दोन्ही अंतरं लिहून घ्यायची. झोळाची लांबी त्यातूनच कळते.

साचलेलं पाणी बोटभर असेल, झोळ फूट-दीड फुटाचा असेल आणि लाइन अजून तुंबलेली नसेल, तर आमच्या मते खोदकाम करू नये. वर्षातून एकदा जेटिंग पुरे. पाणी पाइपच्या पाव उंचीच्या वर आणि लांबी मीटरहून जास्त असेल तर दुरुस्ती टाळण्यात अर्थ नाही.

उघड्या, टांगलेल्या पाइपची दुरुस्ती

इथे बहुतेक दोष आधारांचा असतो. पीव्हीसी पाइपला दर १.२ मीटरला एक आधार हवा, शिवाय प्रत्येक बेंड आणि फांदीच्या जोडाजवळ एक. तारेने बांधलेला पाइप तारेच्या जागी दबतो आणि दोन तारांमध्ये लोंबतो. रुंद पट्टीचा, उंची कमी-जास्त करता येणारा हँगर वापरा. १०० मिमी पाइप पूर्ण भरला की दर मीटरला जवळजवळ ८ किलो पाण्याचं वजन येतं; तुंबलेल्या लाइनने आधार आणखी ताणले जातात ते यामुळेच. गरम पाणी जाणाऱ्या लाइनला आधार याहून जवळ ठेवा, कारण गरम झालेलं पीव्हीसी लवकर वाकतं.

१. लाइन रिकामी करा, घरातला वापर थांबवा.
२. वरच्या चांगल्या बिंदूपासून खालच्या चांगल्या बिंदूपर्यंत पाइपच्या माथ्यावरून नायलॉनची दोरी ताणून बांधा. दोरी आणि पाइप यांमधली फट म्हणजे झोळ.
३. नवे हँगर आधी लावा, मग जुने सोडा.
४. एका फेरीत प्रत्येक हँगर ५ मिमीच उचला. झोळाच्या दोन्ही कडांपासून मध्याकडे या. एकाच ठिकाणी जोर लावला तर सॉल्व्हंटने चिकटवलेला जोड तडकतो, आणि तो कमोडच्या बेंडजवळ तडकला तर दिसतही नाही.
५. दर फेरीनंतर लेव्हल लावा. पुढचा तुकडा उलटा होत नाही ना, ते बघा.

साधारण २५ मिमीपेक्षा जास्त उचलावं लागत असेल तर ताण देऊ नका, पाइप कापून पुन्हा जोडा. काप काटकोनात घ्या, कडा कानशीने मोडा, सगळं आधी कोरडं बसवून खुणा करा आणि मगच सॉल्व्हंट सिमेंट लावा. दोन पाइप रबरी कपलरने जोडायचे असतील तर बाहेरून पूर्ण लांबीची स्टीलची पट्टी असलेला कपलर घ्या. नुसत्या रबराचा कपलर मध्ये वाकतो आणि तिथेच नवा झोळ तयार होतो.

आडव्या लाइनमध्ये ९० अंशाचा एक बेंड काढायची संधी मिळाली तर त्या जागी ४५चे दोन घाला. फांदी टीने जोडलेली असेल तर वाय लावा. रॉड घालायला झाकण असलेला तुकडाही याच वेळी बसवून घ्या.

जुन्या बिडाच्या पाइपला यातलं काही लागू करू नका. त्याचे जोड उचलताना फुटतात.

जमिनीतला पाइप

पाइप का बसला हे कळल्याशिवाय नवा टाकू नका. चर जास्त खोल खणून मग भुसभुशीत मातीने भरून काढलेला असतो, हे नेहमीचं कारण. दुसरं, पाइपखाली विटांचे तुकडे ठेवलेले: पाइप विटेवर टेकतो आणि दोन विटांमध्ये वाकतो. तिसरं सगळ्यात घातक. जोड गळतो, गळणारं पाणी खालची बारीक माती धुऊन नेतं, पाइप आणखी बसतो आणि जोड आणखी उघडतो. पाइप भिंतीतून जाताना काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला असेल तर भिंत जराशी बसली तरी तो तिथे मोडतो किंवा उलटा होतो. भोवती ५० मिमी मोकळी जागा हवी.

खणायला खालच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे आत उरलेलं पाणी उतरून जातं. झोळाच्या दोन्ही बाजूंना ढाळ बरोबर असलेला पाइप दिसेपर्यंत उघडा. चराची रुंदी पाइपच्या व्यासाहून ३०० मिमी जास्त ठेवा, नाहीतर बाजूची भर ठोकता येत नाही. तळ जास्त खणला गेला तर ती जागा बारीक खडीने भरा, मातीने नव्हे. त्यावर १०० मिमी जाडीचा १० मिमी खडीचा किंवा वाळूचा थर, आणि त्या थरालाच दोरी बांधून ढाळ द्या. प्रत्येक सॉकेटखाली हाताने खळगा करा. पाइपचं वजन त्याच्या पूर्ण अंगावर यायला हवं. सॉकेटवर आलं तर मधला भाग लोंबतो.

सॉकेटचं तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी सॉकेटमध्ये शिरेल असं ठेवा. रबर रिंगचा जोड असेल तर पाइप पूर्ण आत ढकलून खूण करा आणि १० मिमी मागे ओढा, उन्हा-थंडीत लांबी बदलायला तेवढी फट लागते. रिंगला तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यासाठीचंच वंगण वापरा. प्रत्येक पाइप टाकल्यावर लेव्हल लावा. चार पाइप टाकून मग तपासलं तर चारही काढावे लागतात.

माती टाकायच्या आधी चाचणी. सॉल्व्हंटचे जोड २४ तास सुकू द्या. खालचं टोक फुगवायच्या बुचाने बंद करा, लाइन पाण्याने भरा, पातळीची खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर प्रत्येक जोडाखाली हात फिरवून ओल शोधा. मग पाणी सोडून द्या आणि १०० मिमी लाइनमध्ये साधारण ८५ मिमीचा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाने सोडा. तो आपोआप घरंगळत खालच्या चेंबरमध्ये यायला हवा. तिथे जाळी धरून एक माणूस उभा ठेवा, नाहीतर चेंडू पुढच्या लाइनमध्ये जाऊन नवं काम काढेल.

भरताना दोन्ही बाजूंना सारखी खडी टाका आणि पाइपच्या काखेत, म्हणजे खालच्या गोलाईलगतच्या पोकळीत, हाताने ठोका. नंतर १५० मिमीचे थर. माथ्यावर ३०० मिमी भर होईपर्यंत मशीनने ठोकू नका.

उतारच शिल्लक नसेल तर

९ मीटर लांबीला १:६० हवा असेल तर १५० मिमी उतार लागतो. सहाव्या तपासणीत तेवढा मिळत नसेल तर आधी वळणं कमी करून लाइन छोटी होते का बघा. मग कमोडची किंवा बाथरूमची पातळी वर घेता येते का. चेंबर खोल करायचा विचार शेवटी, कारण तो त्याच्या पुढच्या लाइनपेक्षा खाली गेला तर पाणी चेंबरमध्येच साचणार. हे तिन्ही जमत नसेल तर सांडपाणी उचलणारा पंप लागतो, आणि ते काम पूर्णपणे जाणकाराचं आहे.

इथे थांबा, माणूस बोलवा

- चर १.२ मीटरपेक्षा खोल जाणार असेल. बाजूची माती विनासूचना ढासळते.
- खोदकाम घराच्या पायाजवळ येत असेल. पायाच्या तळाच्या कडेपासून ४५ अंशांत खाली जाणाऱ्या रेषेच्या आत खणलं तर पायाचा आधार सुटतो. इथे प्लंबरआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.
- पाइप काँक्रीटच्या स्लॅबखाली असेल, किंवा तो हलवायला बीम कापावा लागत असेल.
- पाइप बिडाचा किंवा सिमेंटचा जुना असेल. जुन्या सिमेंटच्या पाइपात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कापू नका.
- खोल चेंबर किंवा सेप्टिक टाकीत उतरावं लागणार असेल. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद करतो, त्यामुळे धोका कळतही नाही. कुणालाही, अगदी पाच मिनिटांसाठीही, आत उतरवू नका.
- पाइप नुसता बसलेला नसून घराच्या भिंतींना किंवा फरशीलाही नव्या भेगा दिसत असतील.

माणूस बोलावताना दोन्ही टोकांची मापं, लाइनची लांबी आणि रॉड अडतो ते अंतर कागदावर तयार ठेवा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागून घ्या. आणि काम देतानाच ठरवा: चर बुजवण्याआधी लेव्हल आणि पाण्याची चाचणी तुमच्यासमोर होईल, त्यानंतरच माती पडेल.